विद्यार्थी कृती

आंतरवासिता, म्हणजे बी.एड.चा शाळेतला सराव, संपली की छात्राध्यापकानं चिंतन करायचं असतं. ते पाच गुणांचं असतं, पाचशे शब्दांत बसवायचं असतं आणि शनिवारी दुपारी चारच्या आत कॉलेजच्या कपाटात जमा करायचं असतं. चारनंतर केलेलं चिंतन ग्राह्य धरत नाहीत.

प्रियदर्शनी पाईकराव हिला या चिंतनाची काळजी करण्याचं कारण नव्हतं. ते आधीच झालेलं होतं. तिच्या अगोदर सात मुलींनी ते केलं होतं, शब्दाला शब्द लावून, आणि 'या सोळा आठवड्यांनी मला खूप काही शिकवले' या वाक्यावर सातही जणींना पाचपैकी साडेचार मिळाले होते. अर्धा गुण कशाचा कापतात हे कोणालाच कळलं नाही. तेवढं गूढ शिक्षणक्षेत्रात असावंच.

चिंतन ज्या वहीच्या शेवटच्या पानावर होतं, ती वही प्रियदर्शनीला ऐश्वर्याकडून मिळाली. ऐश्वर्या एक वर्ष पुढची, बी.एड. होऊन नोकरीच्या शोधात, म्हणजे घरीच. "घे माय," ती म्हणाली होती, "विज्ञानाचे वीसच्या वीस पाठ आहेत. जसंच्या तसं उतरव. डोकं लावू नको. डोकं लावलं की खाडाखोड होते अन् खाडाखोडीला मार्कं जातात."

पहिल्या पानावर एकाखाली एक सात नावं होती, शेवटचं सोडून सगळी खोडलेली. सगळ्यात वर, शाई उडून राखाडी पडलेलं, मिना. सगळ्यात खाली ऐश्वर्या. ऐश्वर्यानं आपलं नाव तिथल्या तिथं खोडलं आणि खालची ओळ मोकळी करून दिली, सरकून पंगतीत जागा करावी तशी.

पाठाच्या पानाला तीन रकाने असतात. डावीकडे अध्यापक कृती, मधे विद्यार्थी कृती, उजवीकडे फलकलेखन. त्यातला मधला रकाना मोठा गमतीचा. तो पाठ घेण्याच्या आदल्या दिवशी भरायचा असतो. तुम्ही असं विचाराल, मुलं असं सांगतील. मुलांना काय येणार आहे हे मुलांच्या आधी लिहून घेणारा असा कागद दुसऱ्या कुठल्या खात्यात नसेल.

कॉलेज दरवर्षी एक मुलगी खडकाळीच्या शाळेवर धाडायचं. कनेरगाव नाक्यावरून आत चार किलोमीटर, दोन्ही बाजूंनी हळदीची वावरं, शेवटी शाळा. सहावी आणि सातवी एकाच हॉलात, कारण दुसऱ्या खोलीचं छत मंजूर झालेलं होतं आणि ते मंजुरीतच होतं. दोन्ही वर्ग मिळून सव्वीस लेकरं.

नोव्हेंबरात प्रियदर्शनीचा पहिला पाठ झाला. अस्थिसंस्था. तिनं डाव्या रकान्यातलं विचारलं, "आपलं शरीर कशामुळे ताठ उभं राहतं?"

"हाडांमुळे, बाई," सव्वीस तोंडं म्हणाली.

मधल्या रकान्यात हेच होतं. तिला बरं वाटलं.

"मानवी शरीरात एकूण हाडं किती?"

"दोनशे आठ, बाई."

तिनं फळ्यावर २०८ लिहिलं. उजव्या रकान्यात तेच होतं. संध्याकाळी घरी हिंगोलीला पाठ्यपुस्तक उघडलं तर तिथं दोनशे सहा. मिनाच्या हातून कधी तरी सहाचा आठ झाला होता आणि सात जणींनी तो सांभाळून आणला होता. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात चूक कबूल केली, दोनशे सहा लिहिलं, सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सहज विचारलं.

"दोनशे आठ, बाई."

सगळे एका सुरात. कोणी हसलं नाही, कोणी कोणाकडं पाहिलं नाही.

त्या वेळी तिनं याचा फार विचार केला नाही. सहावी-सातवी एकाच हॉलात बसते, दरवर्षी तीच वही, तेच पाठ. सहावीची पोरं ऐकून ऐकून सातवीत जातात आणि नव्या सहावीला ऐकवतात. एवढं साधं होतं. तिनं स्वतःला हे साधं कारण पुढचे सोळा आठवडे रोज सांगितलं.

प्रत्येक पाठात मधल्या रकान्यात आणखी एक ओळ असायची. 'एक विद्यार्थिनी : बाई, मला माहीत नाही.' मग डावीकडे कंसात, 'अध्यापिका प्रेमाने समजावून सांगते.' मग पुन्हा मधे, 'विद्यार्थिनी : आता समजलं, बाई.' मंद गतीच्या मुलाकडं वैयक्तिक लक्ष, याला दोन गुण असतात. गुण आहेत म्हटल्यावर मंद मूल लागतंच.

खडकाळीच्या वर्गात ती ओळ सेवाची होती.

सेवा सहावीत होती, दोन वेण्या, लाल फिती, हाताचे पंजे हळदीनं पिवळे. तसे सगळ्यांचेच होते. हळद काढायचे दिवस. लेकरं सकाळी वावरात आणि दुपारी शाळेत, हात वर केले की वर्गभर पिवळे पंजे दिसायचे. सेवाची आई नाक्यावरच्या ढाब्यावर भाकरी थापायची. त्यामुळं नाक्यापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून नाक्यापर्यंत बाई आणि सेवा एकाच ॲपे रिक्षात.

आणि ॲपेत सेवाचं तोंड बंद राहत नसे. ढाब्यासमोर थांबणाऱ्या ट्रकांच्या पाट्या तिला पाठ होत्या.

"एमएच सदतीस. वाशीमची हाय ती, बाई. ती मागची सव्वीस, नांदेड. हळद घेऊन चालली."

"आणि ती?"

"टीएस. तेलंगणा. आता टीजी बी येऊन राहिली, पन दोन्ही तेलंगणाच. आरजेवाला, राजस्थानचा, जेवताना लई मिरच्या मागते, आई म्हन्ते त्याचं पोट हाय का भट्टी हाय."

"हे तुला कोणी शिकवलं गं?"

"कोन शिकवते? पाहून राहिली ना मी."

हीच मुलगी हॉलात पाय ठेवला की गप. प्रियदर्शनी प्रश्न विचारायची, पिवळे पंजे वर व्हायचे, नेमके ज्या ओळीला सेवा हवी त्या ओळीला सेवा उभी राहायची आणि म्हणायची, "बाई, मला माहीत नाही." खडकाळीत कोणतंही पोरगं असं बोलत नाही. 'ठाव न्हाई' म्हणेल, 'मालूम न्हाई' म्हणेल, नुसती मान हलवेल. हे वाक्य छापलेलं होतं. आणि आवाज सेवाचा असूनही, का कोण जाणे, जुना वाटायचा.

जानेवारीत, सहावा-सातवा पाठ झाला असेल, ॲपेच्या पुढं एक ट्रक होता. प्रियदर्शनीनं रोजच्यासारखं विचारलं, "ही कुठली गं, सेवा?"

सेवानं पाटी वाचली. ओठ हलले, सव्वीस म्हणाली. मग बाईकडं वळून म्हणाली, "बाई, मला माहीत नाही."

प्रियदर्शनी हसली. "चल, चेष्टा करतेस. नांदेड ना?"

"आता समजलं, बाई."

ॲपेवाल्यानं आरशातून मागं पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. हसणारी प्रियदर्शनी एकटीच होती, तेव्हा तिनंही ते आवरलं.

पुढच्या आठवड्यात वाशीम गेलं. मग परभणी. एका सोमवारी तेलंगणा गेलं. प्रियदर्शनीनं मग पाट्या विचारणं सोडलं, कारण विचारलं नाही तर निदान गेलेलं कळत नव्हतं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या द्वारकाबाईंपाशी ती एका दुपारी बसली. अंगणाच्या पलीकडं कुणाच्या तरी हळदीच्या कढया उकळत होत्या आणि वाफेनं अख्खी शाळा पिवळट दिसत होती.

"मावशी, ती सेवा वर्गात अशी का करते?"

"आता ती करते व्हय?" द्वारकाबाईंनी झाकण उचलून पाहिलं. "मागल्या साली दुसरी हुती. त्याच्या लई आगूदर आमची लेक प्रतिक्षा हुती की त्या जागी. दुसऱ्या का तिसऱ्या बाईच्या येळंला."

"मग आता?"

"आता काय, हाय घरी. गुणाचं लेकरू. काही तकलीफ न्हाई तिची. भाकर खाल्ली का इचारलं तर म्हन्ते, मला माहीत नाही. म्या म्हन्ते, खाल्लीस माय. मंग म्हन्ते, आता समजलं." त्यांनी मीठ चाखलं. "सोयरीक आल्ती तिला, औंढ्याकडची. पोरगा चांगला हुता. पाव्हण्यांनी नाव इचारलं."

एवढं बोलून त्यांनी झाकण ठेवलं. प्रियदर्शनी थांबली, पण पुढं काही नव्हतं. पाव्हण्यांनी नाव विचारलं, एवढीच ती गोष्ट होती.

मुख्याध्यापक वैजनाथ सर हे समजूतदार गृहस्थ होते. ते सहा रजिस्टरं एकटे भरायचे आणि सातवं मोबाईलवर भरायचे. प्रियदर्शनीनं विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

"तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या, बाई? मार्कं बराबर पडतात तुमचे. उपस्थिती बराबर. पोरं शिस्तीत. अजून काय पाहिजे?"

"दरवर्षी त्या जागी मुलगी कोण निवडतं, सर?"

"मी न्हाई. तुमी निवडल्या का?"

"नाही."

"मंग? आपसूकच होते ते."

"आणि मी ती ओळच गाळली तर?"

सरांनी पेन खाली ठेवलं. खडकाळीत सरांना पेन खाली ठेवताना तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"एकीनं गाळून पाह्यली व्हती. चौथी का पाचवी असंल. ते वाक्य खाली पडत न्हाई, बाई. कोणाला तरी उचला लागते. त्या साली दोन पोरींनी उचललं." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "शुक्रवारी तुमचा शेवटचा पाठ. बाहेरचे परीक्षक हायेत. पाठ द्या, मार्कं घ्या, आपल्या घरी सुखानं जा. पुढच्या साली दुसरी बाई येईल."

प्रियदर्शनी स्वतः सहावीत असताना तिच्या शाळेत एक गुरुजी होते. ते प्रश्न विचारत बाक-बाक पुढं येत आणि तिच्या बाकाशी आले की थेट मागच्या बाकावर जात. तिला उत्तर यायचं. वर्षभर तिनं ती उत्तरं तोंडात धरली, मग त्यांची सवय गेली. पुढं रत्नपाल पाईकराव, तिचे वडील, एसटी डेपोतले मेकॅनिक, रात्रपाळी संपवून सकाळी शाळेच्या दारात जाऊन ग्रीसच्या हातांनी उभे राहिले आणि गुरुजींना म्हणाले, "आता हिला इचारा." एवढंच. त्या एका सकाळच्या बळावर ती बी.एड.पर्यंत आली होती.

सेवाच्या दारात उभं राहायला कोण होतं? आई भाकरी थापत होती. आणि सोळा आठवडे तिच्याकडून ते वाक्य प्रत्येक पाठात म्हणवून घेणारी बाई शुक्रवारी गुण घेऊन जाणार होती.

गुरुवारी मधल्या सुट्टीत प्रियदर्शनीनं आपली वही उघडली. विसावा पाठ, वर्गीकरण. ओळ मधल्या रकान्यात होती, आठव्या बाईच्या अक्षरात. ती गाळायची नाही, हे सरांनी सांगितलंच होतं. कुणीतरी उचलणार. पण कुणी उचलायची हे कुठं ठरतं? रकान्यात ठरतं. तिनं पट्टी घेतली, मधली ओळ सरळ रेघेनं खोडली, आणि तीच ओळ डावीकडे, अध्यापक कृतीच्या रकान्यात लिहिली. 'अध्यापिका : मला माहीत नाही.' मधे लिहिलं, 'एक विद्यार्थिनी समजावून सांगते.' पान घाण दिसत होतं. खाडाखोडीला मार्कं जातात, तिला आठवलं. खिडकीतून पाहिलं तर अंगणात सव्वीस लेकरं खेळ थांबवून उभी होती, आणि खिडकीकडं पाहत होती.

शुक्रवारी परीक्षक अमरसिंग सर आले. त्यांना एका दिवसात चार शाळा होत्या आणि जेवण नाक्यावर सांगितलेलं होतं. ते मागं बसले, गुणपत्रक मांडीवर घेतलं आणि डोळे अर्धे मिटले. मुलं शिस्तीत होती. बाहेर हळदीच्या कढया उकळत होत्या.

पाठ चालला. प्रश्न, पंजे, उत्तर. प्रश्न, पंजे, उत्तर. काही उत्तरं प्रश्नाच्या आधी आली. अमरसिंग सरांनी 'प्रतिसाद तत्पर' असं लिहिलं. मग ती ओळ आली.

प्रियदर्शनीनं खडू ठेवला. "वस्तू ओळखायच्या, वेगळ्या करायच्या, म्हणजे वर्गीकरण," ती म्हणाली. "आता नाक्यावर एवढे ट्रक थांबतात. कोणता कुठला हे कसं ओळखायचं?"

हे वहीत नव्हतं. एकही पंजा वर झाला नाही. सव्वीस चेहरे तिच्याकडं पाहू लागले, नाटकात कुणी मधेच दुसऱ्या अंकातलं बोललं की पाहावं तसे. सेवा मात्र उभी राहिली, कारण ओळ आली होती. तिचे ओठ उघडले. सेवाच्या तोंडून ते वाक्य निघण्याआधी प्रियदर्शनी मोठ्यानं म्हणाली,

"मला माहीत नाही."

हॉलात काहीतरी सरकलं. बाक नव्हे. कढयांचा आवाज थांबला असं तिला वाटलं, पण कढया कुणासाठी थांबत नाहीत. तिच्या जिभेवर ते वाक्य एखाद्या गोळीसारखं बसलं, गार, थोडं कडू. सेवाचं तोंड उघडंच होतं. ती त्यात काहीतरी शोधत होती, अंधारात हातानं काड्यापेटी चाचपावी तशी.

"सांग ना, सेवा."

"पाटी पाहा लागते," सेवा म्हणाली.

आवाज घोगरा होता, नवा होता.

"पाटी पाहा लागते, बाई. एमएच म्हन्जे आपला महाराष्ट्र. मंग पुढचा नंबर. अडतीस आपली हिंगोली. सदतीस वाशीम. सव्वीस नांदेड, बावीस परभणी. टीएस तेलंगणा, टीजी बी त्येच." ती श्वास घ्यायला थांबली आणि आणखी जोरात म्हणाली, "आधी राज्य, मंग जिल्हा, मंग गाडी. असं मोठ्यापासून लहान करत यायचं. झालं वर्गीकरण. अन् हाडं दोनशे सहा हायेत, आठ न्हाई. म्या मोजलेत पुस्तकात."

मागच्या बाकावरचा बंटी हसला. मग आकांक्षा हसली. सोळा आठवड्यांत तो वर्ग पहिल्यांदा वेगवेगळ्या वेळी हसला.

अमरसिंग सरांनी डोळे पूर्ण उघडले. पाठ संपल्यावर ऑफिसात चहा आला. "विद्यार्थी सहभाग उत्तम," ते म्हणाले, "पण बाई, अध्यापिकेनं वर्गात 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. पूर्वतयारी अपुरी वाटते. बरं, या पाठाचं मुख्य उद्दिष्ट काय होतं?"

उद्दिष्ट तिनं वीस वेळा लिहिलं होतं. ते तिला झोपेत येत होतं. तिनं तोंड उघडलं.

"सर, मला माहीत नाही."

वैजनाथ सरांनी बशीत चहा ओतता ओतता हात थांबवला.

अमरसिंग सर हसले. त्यांनी उद्दिष्ट प्रेमानं समजावून सांगितलं.

"आता समजलं, सर," प्रियदर्शनी म्हणाली.

नम्रतेला गुण नसतात, पण त्यांनी कुठल्यातरी रकान्यात दोन दिले.

निरोपाला मुलांनी झेंडूचा हार आणला. द्वारकाबाईंनी डब्यात खिचडी दिली आणि तिच्या तोंडाकडं नीट पाहून डब्यावर आणखी एक वाटी ठेवली. वैजनाथ सर ॲपेपर्यंत आले. "तुमी बाई…" ते म्हणाले आणि पुढं काही म्हणाले नाहीत. रजिस्टरात त्याच्यासाठी जागा नव्हती.

नाक्यापर्यंत सेवा बोलत होती. पाट्या, ड्रायव्हर, मिरच्या, आईचा हात भाजला ते, पुनम नावाची शेळी व्याली ते. चार किलोमीटरात तिनं दोन महिने भरून काढले. प्रियदर्शनी ऐकत होती आणि हसत होती. ते हसू मात्र तिचं स्वतःचं होतं, हे तिनं दोनदा तपासून पाहिलं.

वाशीमकडून एसटी आली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "कुठं जायचं, बाई?"

प्रियदर्शनी पायरीवर उभी राहिली. मागं उतारू खोळंबले. तिला गल्ली दिसत होती, डेपो दिसत होता, वडिलांचे ग्रीसचे हात दिसत होते. त्या सगळ्याला नाव होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"दिवसाढवळ्याच लावली का काय?" मागून कोणी तरी म्हणालं.

"हिंगोलीचं द्या वो!" सेवा खालून ओरडली. "डेपोपर्यंत. अन् खिडकीपाशी बसवा, बाईला उलटी होते." मग ती एक पायरी वर चढली आणि हळू, बाई जशी तिला समजावून सांगायची तशी, म्हणाली, "हिंगोली, बाई. तुमी हिंगोलीच्या हाव. अडतीस."

"आता समजलं, बाई," प्रियदर्शनी म्हणाली.

गाडी हलली. सेवा धुरळ्यात उभी राहून पिवळा पंजा हलवत होती आणि मागच्या ट्रकची पाटी मोठ्यानं वाचत होती, उत्तरासकट.

पाच मिनिटांनी फोन वाजला. कॉलेजातली मिनल होती, पुढच्या वर्षी खडकाळीला जाणारी. "ताई, ऐश्वर्याताई म्हणाली ती विज्ञानाची वही तुझ्याकडं आहे. पाठ झाले ना तुझे? कुठं ठेवलीस गं? उद्या येऊन घेते."

वही प्रियदर्शनीच्या मांडीवरच्या पिशवीत होती, मिनाची राखाडी शाई आणि सात खोडलेल्या नावांसकट. पुठ्ठ्याचा कोपरा पोटाला टोचत होता. खिडकीबाहेर हळदीच्या कढयांखाली जाळ धडधडत होता, रस्त्याला लागूनच, आणि बस खड्ड्यासाठी हळू झाली होती.

"ताई? ऐकतेस ना? वही कुठंय?"

"मला माहीत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. या वेळी ते वाक्य आपण म्हटलं की ते आपसूक आलं, हे तिला सांगता आलं नसतं. पण हात तिचाच होता. तो पिशवीत गेला होता, आणि खिडकीची काच उघडीच होती.